क्षम्य चूक

दुसऱ्याची चूक किती सोसावी, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. आणि त्याचें उत्तर बहुधा दोहोंपैकीं एका टोकास जाऊन देण्यांत येतें. एक पक्ष म्हणतो कीं, तत्त्वाच्या बाबतींत तिळमात्र सवलत देणें म्हणजे तत्त्वच सोडून देणें होय. दुसरा म्हणतो कीं, मनुष्य हा स्खलनशील प्राणी असल्यामुळें त्याच्या चुका मोजीत बसणें हेंच मुळीं अनुदारपणाचें आहे. या वादांत आमचें मन पुष्कळ वर्षें हेलकावे खात होतें. त्यास थोडेंबहुत स्थैर्य आलें, तें कोणत्याही ग्रंथाच्या वाचनानें नव्हे. पुण्याजवळच्या एका लहानशा कारखान्यांत घालविलेल्या चार तासांनीं आलें.

त्या कारखान्यांत यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. समजा, एका पोलादी ठोकळ्यास २५ मिलिमीटर व्यासाचें भोंक पाडावयाचें आहे. आमच्यासारख्या अनभिज्ञास वाटेल कीं, कारागिरानें बरोबर २५ मिलिमीटरचें भोंक पाडावें म्हणजे झालें. परंतु बरोबर २५ मिलिमीटरचें भोंक आजपर्यंत कोणी पाडलेलें नाहीं. हत्याराची धार झिजते, धातु तापते, यंत्र सूक्ष्मपणें थरथरतें. भोंक पूर्णपणें गोलही होत नाहीं. म्हणून नकाशावर केवळ २५ हा आंकडा न लिहितां त्यापुढें 'एच ७' अशी खूण करतात. तिचा अर्थ असा कीं, २५.००० पासून २५.०२१ मिलिमीटरपर्यंत कोणतेंही भोंक चालेल. म्हणजे एकंदर सूट एकवीस मायक्रॉनची. आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इंग्रजींत या सुटीस 'टॉलरन्स' म्हणतात. धर्म व मतें यांच्या बाबतींत आपण ज्यास सहिष्णुता म्हणतों, त्यासही इंग्रजींत हाच शब्द आहे.

ही सूट किती असावी, हें मनाच्या उदारपणावरून ठरत नाहीं; त्या भोंकांत बसणाऱ्या दांड्यानें पुढें काय करावयाचें, यावरून ठरतें. दांडा मोकळेपणानें सरकावा अशी इच्छा असेल, तर तो २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतात. मग दोहोंमध्यें निदान सात मायक्रॉनांची फट राहते व तेवढ्यांत तेलाला जागा मिळते. उलट तो कायमचा घट्ट बसावयाचा असेल, तर २५.०२२ ते २५.०३५ च्या दरम्यान, म्हणजे भोंकाहून नेहमींच किंचित् मोठा ठेवतात, व दाब देऊन आंत बसवितात. पहिल्या जागीं जो दांडा उत्तम, तोच दुसऱ्या जागीं निरुपयोगी. जेम्स वॅटच्या वाफेच्या यंत्राचें काम कित्येक वर्षें अडलें होतें, त्याचें एक मोठें कारण हेंच कीं, खरा गोल सिलिंडर त्यास कोणी करून देईना व दट्ट्याच्या बाजूनें वाफ निसटे. पुढें जॉन विल्किन्सननें सिलिंडर कोरण्याचें यंत्र सिद्ध केलें. आणि १७७६ सालीं वॅटचा भागीदार बोल्टन यानें मोठ्या समाधानानें कळविलें कीं, पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरांत कोठेंही जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकीही चूक नाहीं. आजचा तपासनीस या समाधानास हंसेल. परंतु तेवढ्या अचूकपणानें त्या काळचें यंत्र चाललें, कारण उरलेली फट दट्ट्याभोवतींच्या भरणानें भरून निघत होती. कामापुरती अचूकता तीच खरी अचूकता.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, सूट दिली म्हणजे ढिलाईस आमंत्रणच मिळालें. आमचीही शंका हीच होती. तिचें निरसन तेथील वयोवृद्ध तपासनीसांनीं एक लहानसें मापक आमच्या हातीं देऊन केलें. त्याचें एक टोंक भोंकांत गेलेंच पाहिजे व दुसरें जातां कामा नये. एक उमेदवार मुलगा, पहिलें टोंक जाईना म्हणून, तें जोर करून आंत घालूं लागला. तपासनीसांनीं मापक त्याच्या हातून काढून घेतलें व एवढेंच सांगितलें, "जोर मापानं करायचा नाही, बाळ. आपल्या वजनानं गेलं तर गेलं." मर्यादेच्या आंत जें आहे त्यास ते नांवें ठेवीत नसत, २५.००२ चें भोंक व २५.०२० चें भोंक त्यांच्या दृष्टीनें सारखेंच निर्दोष. मर्यादेच्या बाहेर जें गेलें त्याची रदबदली मात्र चालत नसे. आणि तो भाग कोणी केला, हें ते मापून झाल्यावर विचारीत.

हें शेवटचें वाक्य आमच्या मनास लागून राहिलें. त्याचें कारण लिहिण्यास संकोच वाटतो, तरी लिहितों. त्याच महिन्यांत आमच्या घरीं स्वयंपाकास येणाऱ्या बाईंना तिसऱ्यांदा उशीर झाला, म्हणून आम्ही त्यांचा एका दिवसाचा पगार कापला होता. उशीर पाऊण तासाचा होता. आमचे चिरंजीव आठवड्यांतून दोनदां तरी दुपारपर्यंत अंथरुणांत असतात. त्यास आम्ही 'अभ्यासाचा शीण' असें नांव दिलें आहे. बाईंना किती उशीर चालेल, हें आम्ही त्यांना कधींच सांगितलें नव्हतें. मर्यादा आम्ही चूक झाल्यानंतर आंखली, आणि तीही कोणाची चूक आहे तें पाहून आंखली. आमच्या घरांत शिस्तही होती व क्षमाही होती; परंतु दोहोंचें वाटप माणूस पाहून होत असे.

धातूचा दाखला माणसास सर्वस्वीं लागू पडत नाहीं, हें आम्ही जाणतों. भंगारांत टाकलेल्या दांड्यास दुःख होत नाहीं, माणसास होतें. म्हणूनच कारखान्यांतील आणखी एक रीत आम्हांस विशेष मोलाची वाटते. भोंक लहान पडलें तर तें पुन्हां वाढवितां येतें. मोठें पडलें तर गेलेली धातु परत आणतां येत नाहीं. यास्तव जाणता कारागीर भोंकाच्या लहान मापाच्या बाजूनें सुरुवात करतो व अखेरच्या मापाकडे बेताबेतानें जातो. शिक्षेच्या बाबतींतही हाच क्रम असावा. राहिलेली कडक गोष्ट उद्यां बोलतां येते. बोललेली परत घेतां येत नाहीं.

घरीं आल्यावर आम्ही कापलेला पगार बाईंना परत दिला. त्यांनीं नोटा मोजून घेतल्या व कांहीं न बोलतां कणीक मळावयास लागल्या. चिरंजीव तेव्हां निजलेले होते. संध्याकाळीं आम्ही दोघांनाही समोर बसवून सांगितलें कीं, अर्ध्या तासापर्यंतचा उशीर या घरांत कोणी विचारणार नाहीं, आणि त्यापुढचा उशीर दोघांनाही सारखाच विचारला जाईल. चिरंजीवांना हा न्याय फार जाचक वाटला. बाईंनीं मात्र विचारलें, "अर्धा तास, नक्की ना?" इतक्या वर्षांत आमच्याकडून त्यांना हवी होती ती दया नसावी, एवढी खात्रीच असावी, असें आम्हांस त्या प्रश्नावरून वाटलें.