दवंडी कोणाच्या हुकमाने?

भिलाईच्या उत्तरेला, कोहका-जामुलच्या बाजूस असलेले कुरुद आज शहराच्या वस्तीत मिसळून गेले आहे. परंतु 1955 च्या भारत-सोव्हिएत करारान्वये या मुलुखात पोलादाचा कारखाना येण्यापूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, अशा गावांतून सार्वजनिक वार्ता पोचविण्याचे काम कोटवाराकडे, म्हणजे गावच्या राखणदाराकडे, असे. साऱ्याची मुदत, चावडीवरची सभा किंवा लसीकरणाचा दिवस तो गल्लोगल्ली ओरडून सांगे. आणि ऐकणाऱ्यांस त्याच्या आवाजाविषयी काहीही वाटो, ही दवंडी तहसिलीच्या हुकमाने आहे की पंचायतीच्या, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसे.

आता ते काम प्रत्येकाच्या खिशातील फोन करतो. 2016 च्या सप्टेंबरात जिओने इंटरनेट स्वस्त केल्यापासून तर त्याला वेळकाळाचा निर्बंध उरलेला नाही. भिलाई-दुर्गकडची मराठी कुटुंबे, ज्यांपैकी कित्येकांचे मूळ विदर्भात आहे आणि ज्यांना नागपूर परके वाटत नाही (1956 पर्यंत ते याही प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते), त्यांच्या व्हॉट्सॲपच्या समूहांत हळदीकुंकवाचे आमंत्रण, उपवर मुलीची माहिती, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर, प्लॉटची विक्री आणि कोणाच्या तरी निधनाची वार्ता एकाच पंक्तीत बसलेली आढळतात. ओळख, व्यापार आणि करमणूक यांचा हा संकर पाहून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही.

कारण हा संकर मराठीला नवा नाही. नांगर आणि चरक करणाऱ्या किर्लोस्करांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याचे मुखपत्र म्हणूनच, आणि तिच्यातूनच पुढे एक मातब्बर मासिक उभे राहून 'स्त्री' व 'मनोहर' ही भावंडे त्याला लाभली. याउलट माधवराव सप्रे या मराठी गृहस्थांनी 1900 साली पेंड्र्याहून सुरू केलेले 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक, ध्येयनिष्ठेत कोणालाही हार न जाणारे असूनही, आर्थिक ओढाताणीने तीन वर्षांत बंद पडले. जाहिरातीचा विटाळ मानणाऱ्यांनी या दोन नियतकालिकांचे जमाखर्च शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. 'खबर' वाचणाऱ्यास मात्र हे पान नांगर विकणाऱ्याचे आहे हे ठाऊक असे, कारण त्याचे नाव मुखपृष्ठावरच छापलेले होते.

बदलले आहे ते नेमके हेच: पान कोणाचे, हे आता दिसत नाही. व्हॉट्सॲपवरील खासगी मजकूर सांकेतिक लिपीत बंद असतो हे मान्य केले, तरी फेसबुक-इन्स्टाग्रामवर आपण कोणत्या चित्रापाशी किती वेळ थबकलो याची टिपणे एक अदृश्य मुनीम ठेवीत असतो, आणि त्या टिपणांवरून उद्या आपल्यापुढे काय मांडावे हे ठरते. एकाच घरातील सासूसुनांना त्यामुळे दोन निराळे बाजार दिसतात. पूर्वी गनियारीच्या तीजनबाईंनी पंडवानीत, म्हणजे महाभारताच्या गायनकथेत, भीम उभा केला आणि साथीदार रागीने हुंकार भरला, की सारा मांडव एकाच क्षणी एकाच प्रसंगात असे. कंटाळणाराही सर्वांदेखत कंटाळे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की रायपूर जिल्ह्यातील तुलसी गावात शेकडो ग्रामस्थ एकत्र येऊन यूट्यूबसाठी छत्तीसगढी प्रहसने रचतात, आणि 2023 साली सरकारने तेथे स्टुडिओ बांधून दिला. करमणूक निर्माण करण्यात गाव अजून एकत्र आहे. विस्कटले आहे ते पाहणारे.

अशा विखुरलेल्या प्रत्येकापुढे येणाऱ्या शिफारशीमागे पैसा कोणाचा, या प्रश्नाकडे केंद्र सरकारनेही अलीकडे लक्ष दिले आहे. जानेवारी 2023 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे मोबदला घेऊन वस्तूची शिफारस करणाऱ्याने ते ठळकपणे सांगणे बंधनकारक आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु या जाळ्यात सापडतील ते लाखो अनुयायी असलेले नामांकित लोक. समूहात "आमच्या घरी सगळे हेच घेतात" असे लिहून खाली दुवा जोडणाऱ्या, आणि प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळविणाऱ्या वहिनींपर्यंत कोणता अधिकारी पोचणार? वास्तविक खरा प्रभाव त्यांचाच, कारण नटीवर आपण विश्वास ठेवीत नाही, वहिनींवर ठेवतो. आणि त्या विश्वासाचे भांडवल त्यांनी नव्हे, तर त्यांच्या कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या शेजारधर्म पाळून जमविलेले असते.

वहिनींनी धंदा करू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. घरबसल्या चार पैसे मिळविण्याची सोय अनेक गृहिणींना याच माध्यमाने प्रथम करून दिली. म्हणून समूह चालविणाऱ्यांना एवढीच विनंती, की त्यांनी समूहाच्या नियमांत एक ओळ घालावी: ज्या शिफारशीत पाठविणाऱ्याचा वाटा असेल, तिच्या आरंभीच 'यात माझी दलाली आहे' असे लिहिले जावे, आणि ज्याला ते लिहिण्याची लाज वाटेल त्याने ती शिफारस पाठवू नये.