दान नव्हे, वाटा



डिसेंबर उजाडला की आपली पावले चैत्यभूमीकडे वळू लागतात. 6 डिसेंबरच्या तीनच दिवस आधी, 3 डिसेंबरला, जगभर अपंग व्यक्तींचा दिवस पाळतात. संयुक्त राष्ट्रसंघाने 1992 साली तो ठरवून दिला. आपल्याही अनेक वस्त्यांत त्या दिवशी कार्यक्रम होतात. त्या कार्यक्रमांविषयी आज तुमच्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत. आधी माझ्याच चुकीची कबुली देतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत आम्ही कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून असाच एक कार्यक्रम केला. विहारात पाच पायऱ्या चढून जावे लागते, म्हणून मांडव बाहेर रस्त्यावर घातला. पाहुणे आले, हारतुरे झाले, भाषणे झाली. सहा जणांना तीनचाकी सायकली दिल्या आणि प्रत्येकाचा पाहुण्यांसोबत फोटो काढला. त्यांत पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी होती, दोन्ही पायांनी अधू. फोटो झाल्यावर ती मला हळूच म्हणाली, “काका, झालं असंल तर मला एकदा आत नेता का? मी ह्याच गल्लीतली, पण आतली बुद्धमूर्ती अजून जवळून पाह्यली नाही.”

मी काय उत्तर देणार? दोघा मुलांनी तिला उचलून आत नेले. ती पाच मिनिटे मूर्तीपुढे बसली. त्या पाच मिनिटांत मला जे कळले ते आमच्या तीन तासांच्या भाषणांत नव्हते. आम्ही तिला सायकल दिली होती. तिचा विहार मात्र जन्मापासून तिच्यापासून दूर ठेवला होता. मांडवात तिला जागा होती ती घेणाऱ्याची. कार्यक्रम ठरविणाऱ्यांत, बोलणाऱ्यांत, वर्गणी गोळा करणाऱ्यांत अपंग माणूस एकही नव्हता.

आता दुसरा एक सोहळा पाहा. 2004 सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहरात अपंगांची मिरवणूक निघाली. आखणी अपंगांची, राबणारे हात स्वयंसेवकांचे. हजाराहून अधिक माणसे भर रस्त्यातून गेली. तिचे नावच अभिमानाची मिरवणूक असे होते. बोस्टन शहरात 1990 साली अशीच एक मिरवणूक निघून गेली होती. आमच्या देहाची आम्हांला लाज वाटत नाही आणि कोणी आमची कीव करू नये, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. वाचकहो, 14 एप्रिलची मिरवणूक आपण कशासाठी काढतो ते आठवा. ज्या रस्त्याने आपल्या आजोबांना खाली मान घालून चालावे लागे, त्याच रस्त्याने आपण निळे निशाण घेऊन जातो. शिकागोच्या रस्त्यावर तीच गोष्ट घडली.

हा अभिमान एका दिवसात आला नाही. एड रॉबर्ट्‌स नावाचा मुलगा 1953 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओने गळ्याखाली लुळा पडला. श्वासासाठी त्याला लोखंडी यंत्रात निजावे लागे. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने त्याला नोकरीस कायमचा अपात्र ठरवून शिक्षणाचा खर्च नाकारला. तो त्यासाठी झगडला आणि 1962 साली बर्कले येथील विद्यापीठात दाखल झाला. वसतिगृहात ते अवजड यंत्र मावेना, म्हणून विद्यापीठाच्या दवाखान्यात राहिला. त्याच्या पाठोपाठ आणखी अपंग विद्यार्थी आले. त्यांच्या चळवळीतून 1972 साली बर्कलेत ‘स्वतंत्र जीवन केंद्र’ उभे राहिले. मदतनीस मिळवून देणे, राहण्यायोग्य घर शोधणे, चाकाची खुर्ची दुरुस्त करणे, हक्कांसाठी भांडणे, ही त्या केंद्राची कामे. पुढे 1975 साली ज्या खात्याने रॉबर्ट्‌सना अपात्र ठरविले होते, त्याच खात्याचे ते प्रमुख झाले. आज तेथील कायद्याचा दंडकच आहे की, अशा केंद्राच्या कार्यकारी मंडळात बहुसंख्य सभासद अपंगच असावेत. आपल्या प्रश्नावर आपलेच प्रतिनिधी हवेत, हे बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत ठणकावून सांगितले होते. तेच तत्त्व येथे आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने अपंगांत भेदभाव करू नये, असे कलम अमेरिकेत 1973 सालीच झाले होते. पण त्याचे नियम चार वर्षे सहीवाचून पडून राहिले. तेव्हा 5 एप्रिल 1977 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत सुमारे दीडशे माणसे शिरली आणि तेथेच ठाण मांडून बसली. औषधे नाहीत, निजण्याची सोय नाही. तरी ती तीन आठवड्यांहून अधिक काळ हटली नाहीत. 28 एप्रिलला नियमांवर सही झाली. त्या दिवसांत त्यांना गरम जेवण कोणी पोचविले? ब्लॅक पँथर या काळ्या तरुणांच्या संघटनेने. त्या पँथरपासून स्फूर्ती घेऊन आपल्या तरुणांनी मुंबईत दलित पँथर उभी केली ती 1972 साली, बर्कलेचे केंद्र निघाले त्याच वर्षी. जो स्वतः अन्यायाने पोळला आहे, त्याला दुसऱ्याच्या अन्यायाची आच लागलीच पाहिजे. पँथरने ते ओळखले. आपण ओळखले आहे काय?

येथे आपल्या घरचा हिशेब पाहू. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन केले, हे आपल्या लेकरालाही ठाऊक आहे. पण त्या ग्रंथात आपल्याइतकाच आणखी कोणाचा अपमान आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याचा नववा अध्याय म्हणतो की, जन्मतः आंधळा, बहिरा, मुका, वेडा यांना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाही. त्यांना अन्नवस्त्र द्यावे म्हणजे झाले. अकरावा अध्याय सांगतो की, अशी माणसे मागील पापांमुळे तशी जन्मतात. म्हणजे आधी पापी ठरवायचे, मग वाटा काढून घ्यायचा आणि शेवटी दोन घास टाकून पुण्य जोडायचे! 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने हे रद्द केले. शारीरिक व्यंगामुळे वारसा हक्क जात नाही, असे आज कायदा सांगतो. परंतु मनातली मनुस्मृती जळली काय? आमच्या मांडवात आम्ही काय केले होते? वस्तू दिली, वाटा दिला नाही.

काही उपासक म्हणतात, “काय करावे, ज्याचे त्याचे मागचे कर्म!” धम्मबंधूंनो, हे वाक्य बौद्धाच्या तोंडी शोभत नाही. मागील जन्माचे कर्म या जन्मी भोगावे लागते, हा सिद्धान्त ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नाकारला आहे. गरिबांच्या व हीनदीनांच्या दुःस्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज अशा सिद्धान्ताचा दुसरा हेतू त्यांना दिसला नाही. महार म्हणून जन्मणे हे पापाचे फळ नव्हे, हे आपण पटवून घेतले. मग पाय अधू असणे हे पापाचे फळ कसे? पोलिओ विषाणूने होतो. हात यंत्रात सापडून तुटतो. पायऱ्या गवंडी बांधतो. यात संचित कोठून आले?

तथागतांच्या काळाकडे पाहा. कोसंबीच्या राणी सामावतीची एक दासी होती, खुज्जुत्तरा. पाठीला कुबड, म्हणून तिचे नावच तसे पडले. फुले आणावयास गेली असता तिने बुद्धांचा उपदेश ऐकला. परत आल्यावर राणीने तिला उच्च आसनावर बसविले आणि स्वतः खाली बसून तिच्या मुखातून धम्म ऐकला. पुढे तथागतांनी उपासिकांमध्ये बहुश्रुत म्हणून तिला अग्रस्थान दिले. ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्याच स्मरणातून आला, अशी परंपरा आहे. दासी, स्त्री आणि कुबडी. तरी आसन उंच! ठेंगणे, कुरूप लकुण्टक भद्दिय थेर यांची भिक्षू थट्टा करीत. तथागतांनी त्यांची थोरवी सांगून भिक्षूंचे डोळे उघडले.

एक गोष्ट लपविणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. विनयपिटकाच्या महावग्गात काही प्रकारच्या अपंगांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम नोंदलेला आहे. आपण तो वाचावा आणि त्यावर विचार करावा. कोणतीही गोष्ट ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत. आणि विहाराचे दार उपासकांसाठी उघडे ठेवण्यास तर कोणताच नियम आडवा येत नाही.

कोणी विचारील, “ज्याला पाणीही दुसऱ्याने पाजावे लागते, तो स्वतंत्र कसला?” याचे उत्तर रॉबर्ट्‌स आणि त्यांच्या सोबत्यांनी आयुष्य जगून दिले. स्वातंत्र्य म्हणजे सर्व कामे स्वतःच्या हातांनी करणे नव्हे. केव्हा उठावे, काय खावे, कोठे राहावे, काय शिकावे, हे ज्याचे त्याने ठरविणे म्हणजे स्वातंत्र्य. हात दुसऱ्याचा असेल, निर्णय आपला असावा. अत्तदीप होण्याचा अर्थ मला तरी असाच कळतो. तथागतांनी आनंदासह एका अतिसाराने पडलेल्या भिक्षूला स्वतः धुतले, निजविले आणि भिक्षूंना बजावले की, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? मदत लागणे ही संघात लाजेची गोष्ट नाही. मदत करून वर धनी होणे, ही लाजेची गोष्ट आहे.

तेव्हा येत्या 3 डिसेंबरला काय करावे? माझ्या अल्प मतीप्रमाणे सांगतो.

पहिले, कार्यक्रमाची समिती नेमाल तेव्हा तीत निम्म्याहून अधिक अपंग बंधुभगिनी घ्या. अध्यक्षपद त्यांच्याकडे द्या, पैशाचा हिशेबही द्या. धडधाकट तरुणांनी सतरंज्या अंथराव्यात, पाणी भरावे.

दुसरे, मांडवाच्या खर्चातून विहाराला उतार बांधा. हिशेब सोपा आहे: एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या पाच पायऱ्या म्हणजे तीस इंच, म्हणजे तीस फुटांचा उतार. जागा अपुरी असेल तर वळण द्या. दोन्ही बाजूंना कठडा आणि चार फूट रुंदी ठेवा. त्यावरून म्हाताऱ्या आयाही चढतील.

तिसरे, वंदनेला ज्यांना खाली बसता येत नाही त्यांची खुर्ची मागे कोपऱ्यात न लावता इतरांच्या ओळीतच लावा. बहिऱ्यांसाठी खुणांची भाषा जाणणारा माणूस बोलवा. अंधांना त्रिसरण-पंचशील ब्रेल लिपीत मिळेल असे करा.

चौथे, 2016 च्या कायद्याने अपंगांना सरकारी नोकऱ्यांत चार टक्के राखीव जागा दिल्या आहेत. त्याची माहिती, दाखल्याचे अर्ज, हे सर्व त्या दिवशी विहारातच करून घ्या. सरकार आता ‘दिव्यांग’ म्हणते. म्हणो. नाव दिव्य झाल्याने पायरी खाली येत नाही. हरिजन म्हटल्याने आपली अस्पृश्यता गेली नव्हती, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी 20 मार्च 1927 रोजी महाडला जाऊन डोकी फोडून घेतली. त्यांच्या नातवंडांनी बांधलेल्या विहाराच्या पायऱ्या कोणाला अडवीत असतील, तर त्या आपणच दूर केल्या पाहिजेत. आमच्या विहाराला आता उतार झाला आहे. त्याला दोन वर्षे लागली, कारण आम्ही दोन वर्षे टाळाटाळ केली. बांधकामाला दिवस लागले नऊ. ती मुलगी आता दर रविवारी स्वतः सायकल हाकीत येते आणि मुलांना वंदना शिकविते. तिला आत न्यावयास कोणी लागत नाही.

वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या विहाराच्या पायऱ्या मोजा.

सब्बे सत्ता सुखी होन्तु. जय भीम!