पुन्हा पहिल्या स्टेजपासून

लहानपणीच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की बहुतेकांना आठवते ती पहिली स्टेज. शेवटची क्वचितच कुणी पाहिलेली असते. 'सुपर मारिओ'त ८ वर्ल्ड आणि प्रत्येक वर्ल्डमध्ये ४ स्टेज, म्हणजे एकूण ३२ स्टेज होत्या. त्यांतली पहिली आजही डोळे मिटून खेळतील अशी माणसं जागोजाग भेटतात. शेवटच्या स्टेजमधल्या राजकन्येला सोडवून आणणारा मात्र अख्ख्या आळीत एखादाच असायचा. अर्धवट राहिलेल्या शिक्षणाबद्दल, मोडलेल्या धंद्याबद्दल, हातातून सुटलेल्या संधीबद्दल माणसं वर्षानुवर्षं हळहळतात. मारिओ अर्धवट राहिला म्हणून हळहळणारं कुणी भेटत नाही. ज्याचा शेवटच पाहिला नाही, त्या खेळावर इतका जीव का जडला, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं 'फॅमिली कॉम्प्युटर' हे यंत्र जुलै १९८३ मध्ये बाजारात आणलं आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' सप्टेंबर १९८५ मध्ये. १९९० च्या दशकात आपल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत जे पोचलं, ती बहुतेक ठिकाणी या यंत्राची स्वस्तातली नक्कल होती. अशीच नक्कल रशियात 'डेंडी' या नावानं घरोघरी गेली, तर पोलंडमध्ये 'पेगासस' या नावानं. आपल्याकडे खोक्यावर नावं निरनिराळी असत, मुलं मात्र सरसकट 'टीव्ही गेम' म्हणत आणि त्यात खोचायच्या चौकोनी तुकड्याला 'कॅसेट'. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असे. आत खरे गेम मोजकेच. तेच गेम वेगळ्या स्टेजपासून सुरू करून यादीत पुन्हा पुन्हा घातलेले. मारिओ, कॉन्ट्रा, टँकचा गेम, बदकं मारायचा गेम, गाडीचा गेम. एवढ्यावर अख्खी सुट्टी निघायची.

या यंत्राला स्मरणशक्ती जवळजवळ नव्हतीच. मारिओ कुठं उभा आहे, किती नाणी जमली, किती लाइफ उरल्या, हे सगळं २ किलोबाइट मेमरीत राहायचं आणि बटण बंद करताच पुसलं जायचं. अख्खा मारिओ ४० किलोबाइटचा. मोबाइलवरचा एक साधा फोटोही आज याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागेची एवढी टंचाई होती की मारिओतले ढग आणि जमिनीवरची झुडपं यांची आकृती एकच आहे, फक्त रंग बदललेला. कॅसेटमधल्या चिपवरून गेम वाचला जाई, तिच्यावर काही लिहून ठेवता येत नसे. 'द लेजंड ऑफ झेल्डा'सारख्या काही गेममध्ये छोटी बॅटरी बसवून खेळ सेव्ह करायची सोय केलेली होती, पण आपल्या हाती जे गेम आले त्यांत ती नव्हती. तीन लाइफ मिळायच्या. त्या संपल्या की गेम ओव्हर आणि परत पहिल्यापासून. खरं तर मारिओत एक पळवाट होती. 'ए' बटण दाबून धरून स्टार्ट केलं की ज्या वर्ल्डमध्ये हरलो त्याच वर्ल्डच्या सुरुवातीपासून खेळता येई. पण आमच्या कॅसेटसोबत माहितीचा साधा कागदही आलेला नव्हता, त्यामुळं ही गोष्ट आमच्या आळीत कुणाच्या कानावर आली नव्हती.

त्यात लाइट जायची. मे महिन्यातली दुपार, काकूंचं घर, कारण आळीत गेम त्यांच्याकडेच होता. काकू आतल्या खोलीत जरा पडलेल्या, म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक. अडॅप्टर हात लावू नये इतका तापलेला, म्हणून गार फरशीवर ठेवलेला. दादा चौथ्या वर्ल्डच्या किल्ल्यात शिरलेला, आगीच्या गोळ्यांच्या माळा गरगरा फिरताहेत, आम्ही सगळे श्वास रोखून बसलेलो आणि डोक्यावरचा पंखा थांबतो. पडदा काळा. कुणीतरी 'अरेरे' म्हणतं. मग घामाघूम होऊन वाट पाहणं. लाइट येते, गेमची लांबलचक यादी दिसते, दादा स्टार्ट दाबतो आणि पुन्हा ते निळं आभाळ, तीच चाल. 'जाऊ दे, परत एवढं कोण खेळणार' असं त्या खोलीत कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. जो मघापासून चान्सची वाट पाहत होता, तो तर आनंदानं पुढं सरकून बसलेला असायचा.

पहिल्या स्टेजचा कंटाळा येत नसे, याचं श्रेय ती रचणाऱ्यांकडेही जातं. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ती अशी आखली की एकही सूचना न वाचता खेळ शिकता यावा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे सगळी मोकळी जागा, म्हणजे जायचं तिकडेच. थोडं पुढं गेलं की तपकिरी डोक्याचा शत्रू चालत येतो. त्याला भिडलं की लाइफ जाते, उडी मारली की वाचतो, बरोबर त्याच्या डोक्यावर उतरलं की तोच चेपला जातो. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यावर डोकं आपटलं की मश्रूम बाहेर येतं. ते उजवीकडं सरकतं, खाली पडतं, हिरव्या पाइपला धडकतं आणि उलट आपल्याच अंगावर येतं. शत्रू समजून उडी मारावी, तर वरच्या विटांवर डोकं आपटून आपण बहुधा त्याच्यावरच पडतो. आणि मारिओ मोठा होतो! एका मिनिटाच्या आत शत्रू, धोका, उडी आणि बक्षीस सगळं कळलेलं असतं. शिकवण्याचं इतकं उत्तम काम क्वचित पाहायला मिळतं.

पुढच्या वेळी स्टेज तीच असायची, पण खेळणारा तोच नसायचा. चौथ्या पाइपावर उभं राहून खालचं बटण दाबलं की नाण्यांनी भरलेल्या तळघरात जाता येतं, पहिल्या खड्ड्याच्या अलीकडं हवेत उडी मारली की न दिसणारा ठोकळा लागतो आणि जादा लाइफ मिळते, दुसऱ्या स्टेजच्या शेवटी छतावरून धावत गेलं की थेट चौथ्या वर्ल्डला नेणारा पाइप सापडतो. यातलं काही स्वतः शोधलेलं, काही मावसभावानं सांगितलेलं, काही शाळेत मधल्या सुट्टीत कळलेलं. लाइट गेली की यंत्रातलं सगळं पुसलं जाई, बोटांनी शिकलेलं तसंच राही. गवई रोज पहाटे पुन्हा षड्जच लावतो, पण दहा वर्षांनी लावलेला षड्ज पहिल्या दिवसाचा नसतो. आमच्या त्या पहिल्या स्टेजचं तसंच होतं. गेम पहिल्यापासून सुरू व्हायचा, आम्ही मात्र जिथं पोचलो होतो तिथून पुढं जायचो.

हरण्याचा डंख बोथट व्हायला आणखी एक कारण होतं, आणि ते म्हणजे शेजारी बसलेला दुसरा भिडू. मारिओत दोघं एकाच वेळी खेळत नाहीत. एकाची लाइफ गेली की दुसऱ्याची पाळी येते. म्हणजे माझं हरणं हीच धाकट्या भावाची सुरुवात. कॉन्ट्रात दोघं एकत्र खेळतात आणि तिथं वेगळीच परीक्षा होते. तिसरी स्टेज धबधब्याची. एकेका कड्यावर उड्या मारत वर चढायचं आणि जो पुढं जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. मागं राहिलेला पडद्याच्या खाली गेला की मेला. घाईघाईनं वर जाणाऱ्यानं शत्रूची गोळी न लागताही आपल्या जोडीदाराचा जीव घेतलेला असतो. मग भांडण, रुसवा, 'तू थांब म्हटलं होतं ना', आणि पुन्हा पहिल्या स्टेजपासून दोघं. या वेळी पुढचा एका कड्यावर थांबून राहतो, मागच्याला वर येऊ देतो. कुणीही उपदेश न करता शिकलेली ही समजूत आहे.

खेळ अवघड वाटणं ही काही लहान मुलांचीच अडचण नव्हती. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये 'ग्रॅडियस' हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तपासण्यासाठी तो शेवटपर्यंत खेळणं त्यांनाच जमेना. म्हणून त्यांनी बटणांचा एक गुप्त क्रम घातला: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. तो गेममध्ये तसाच राहून गेला, आणि कॉन्ट्रात याच क्रमानं ३० लाइफ मिळू लागल्या. हाशिमोतो २०२० मध्ये गेले. गेम करणाऱ्या माणसालाही तो जड गेला होता, ही गोष्ट मला फार धीर देणारी वाटते. आणि ३० लाइफ घेऊनही खेळायचं ते पहिल्या स्टेजपासूनच!

मोठेपणी जुने गेम कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर मिळू लागले. आता पावलोपावली सेव्ह करता येतं. चुकलं की क्षणभर मागं जायचं आणि पुढं निघायचं. अशा रीतीनं मी शेवटी आठव्या वर्ल्डचा किल्ला पार केला. राजकन्या आभार मानते, मोहीम संपली असं सांगते, आणि लगेच नवी मोहीम पुढं ठेवते. कोणतंही वर्ल्ड निवडा आणि पुन्हा खेळा, फक्त या वेळी ते तपकिरी शत्रू जाऊन त्यांच्या जागी टणक पाठीची काळी कासवं आलेली असतात. राजकन्या सोडवण्याचं बक्षीस म्हणजे तोच रस्ता पुन्हा, थोडा अधिक अवघड. टँकच्या गेममध्येही ३५ स्टेज संपल्या की चक्र पुन्हा सुरू होतं. कॉन्ट्रा जिंकला तरी पहिल्या स्टेजचं जंगल पुन्हा समोर येतं. या गेमच्या कर्त्यांनी जिंकणं आणि नव्यानं सुरू करणं एकमेकांना जोडून ठेवलं होतं.

ते दिवस जसेच्या तसे परत मिळणार नाहीत, हेही मान्य करायला हवं. माळ्यावर जपून ठेवलेली बदकं मारायची बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तेवढाच उजेड टिपायचा. हे सगळं जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं होतं. ट्यूबचे टीव्ही गेले आणि बंदूक मुकी झाली. वस्तू अशा आपल्या काळाबरोबर जातात. त्यांनी लावलेली सवय मात्र आपल्याकडे राहू शकते, आणि मला वाटतं, जपायची ती हीच.

कारण मोठेपणी आपण सगळ्यात जास्त घाबरतो ते पहिल्यापासून सुरू करायला. नोकरी सुटली की 'आता परत शून्यापासून' असं म्हणताना आवाज कापतो. दुखण्यातून उठल्यावर चार पावलं चालायचा सराव करताना पूर्वीची धावपळ आठवून डोळ्यांत पाणी येतं. पंचेचाळिशीत संगणकाचं नवं काम शिकताना शेजारच्या पंचविशीतल्या सहकाऱ्याला विचारायची लाज वाटते. आतापर्यंतचं सगळं वाया गेलं, असं मनात येतं. ते खरं नसतं. आयुष्य मागची मेमरी पुसतं तेव्हाही हातांत, नजरेत, स्वभावात मुरलेलं काही पुसत नाही. नोकरी नवी असते, पण माणसांशी वागायची रीत जुनी आणि पक्की असते. भाषा नवी असते, पण न समजलेलं पुन्हा विचारायचा धीर आधीच कमावलेला असतो. दुसऱ्यांदा चालताना आपल्याला ठाऊक असतं की खड्डा कुठं आहे आणि न दिसणारा ठोकळा कुठं.

लहानपणी आपल्याला हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. गेम ओव्हर ही अक्षरं दिसली की फार तर जिभेनं 'च्च' करायचं आणि स्टार्टचं बटण दाबायचं. आपल्या बालपणानं आपल्याला दिलेली ही मोठी ताकद आहे. या गेमवर जीव जडला तो त्यांनी आपल्याला रोज हरवून रोज पुन्हा बोलावलं म्हणून.

तुमचंही एखादं काम पहिल्यापासून करावं लागेल म्हणून कधीचं बाजूला पडलं असेल. बंद पडलेला रियाज असेल, सुटलेला व्यायाम असेल, मोडलेलं नातं असेल, पुन्हा उभा करायचा धंदा असेल. मागचं गेलं म्हणून हात आखडू नका. ते आजच हाती घ्या, आणि सोबतीला एखादा भिडू असेल तर त्याच्यासाठी एका कड्यावर थांबायला विसरू नका.