ठिगळ कुठे लावायचं?

गोधडीचं कौतुक मराठीत पुष्कळ झालं आहे, पण ते बहुतेक पांघरणाऱ्यांनी केलेलं आहे. आजीच्या लुगड्याची ऊब, जुन्या सुताचा मऊपणा, हे सगळं गोधडीत शिरून झोपलेल्याचं सुख. दुसरं कौतुक काटकसरीचं, आणि त्यातली शाबासकी मिळते ती चिंधीही वाया न घालवणाऱ्या घराला. जिने दुपारमागून दुपार मांडी घालून ती शिवली, तिला त्यातून काय मिळालं हे क्वचितच कोणी विचारतं. विचारलंच, तर ‘समाधान’ म्हणून विषय मिटवला जातो. मला वाटतं, शिवणारीचं सुख याहून नेमकेपणाने सांगता येतं. ते ठरवण्याचं सुख आहे. कापड कोणतं मिळेल हे तिच्या हातात नसतं. पण कशाशेजारी काय बसेल, लाल कुठे येईल, काठ कापून टाकायचा की मिरवायचा, हे तीच ठरवते. तेही कोणाला न विचारता. ज्या घरात पेरणीपासून सोयरिकीपर्यंत सगळं दुसऱ्यांनी ठरवायचं, तिथे ही सत्ता लहान म्हणता येणार नाही.

याचा पुरावा गोधडीतच सापडतो, पण त्यासाठी गरजेचा भाग आणि वरचा भाग वेगळे करून पाहावे लागतात. वरखाली लुगड्याचे धड राहिलेले तुकडे, मध्ये धोतर, सदरे, परकर यांचे थर, सगळं ताणून सपाट केलेलं, आणि कडेपासून आत सरकत गेलेला धावदोरा. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, आणि टाके थर सरकू देत नाहीत. एवढ्यावर थंडी भागते. हेही काम थोडं नसतं. सात फूट लांब, पाच फूट रुंद गोधडी धरली, दोन ओळींत एक इंच अंतर आणि इंचाला दोन टाके धरले, तरी आकडा 10,000 च्या वर जातो. या दहा हजार टाक्यांत ध्यानाची शांती असते, असं हल्ली लिहिलं जातं. मला त्यावर फारसा विश्वास बसत नाही. पाठ धरते, बोटाला सुई लागते, आणि टाक्यांचा मोठा भाग निव्वळ कंटाळवाणा असतो. म्हणूनच शेतातली कामं उरकल्यावर, उन्हाळ्याच्या दुपारी, दोघीतिघी मिळून चार बाजूंनी बसतात. हात चालू राहतात आणि तोंडंही. ती गंमत खरी, पण ती सोबतीची. शेंगा फोडतानाही ती मिळते. गोधडीची स्वतःची गंमत ठिगळांत आहे.

यावर लगेच आक्षेप येईल की ठिगळ ही हौस नव्हे, नाइलाज आहे. कापड जिथे विरलं तिथे तुकडा लावायचा, आणि धड कापड तेवढंच उरलं म्हणून तुकडा लहान. हे अर्धं खरं आहे. तुकड्याचा आकार गरिबीने ठरतो, पण त्याची जागा गरिबी ठरवत नाही. चार कोपऱ्यांना चार सारखे तुकडे लावले नाहीत म्हणून कोणाला थंडी वाजत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या आसपास राहणाऱ्या सिद्दी समाजाचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. हे लोक मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातून तिथे पोहोचले, आणि त्यांच्या बोलीत कोकणी-मराठी मिसळलेली आहे. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात: एका कोपऱ्यापासून सुरुवात, कडेने फिरत फिरत मध्याकडे. शेवटी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची त्रिकोणी ‘फुलं’ बसवतात. या फुलांनी ऊब वाढत नाही, टिकाऊपणाही वाढत नाही, उलट दोरा आणि वेळ जातो. तरी त्यांच्याशिवाय कवंदी उघडीनागडी मानतात. ज्यांच्याकडे कापड आणि वेळ दोन्ही मोजकं, त्यांनीच हा जादा खर्च करावा, याचा अर्थ गरज भागल्यावर काहीतरी शिल्लक राहत होतं आणि ते त्यांना हवं होतं.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंडचा इतिहास तर जणू या प्रश्नाची परीक्षा घेण्यासाठीच घडला. नदीच्या वळणात अडकलेलं हे वस्तीवजा गाव. राहणारे लोक बहुतेक गुलामांचे वंशज. तिथल्या बायका शेतात घालून विटलेल्या डेनिमच्या, जुन्या झग्यांच्या गोधड्या शिवत. ठरलेल्या नमुन्याबाहेरच्या गोधडीला त्या ‘माझ्या पद्धतीची’ म्हणत. 1966 मध्ये त्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि शहरातल्या दुकानांकडून मागणी येऊ लागली. पैसा आला, पण दुकानांना एकासारखी एक वस्तू हवी होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सिअर्स कंपनीने कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचं काम दिलं; तेही ठरल्या मापाचं. आणि मग या बायकांनी काय केलं? कामावर उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या घरी नेल्या आणि त्यांतून आपल्या पद्धतीच्या गोधड्या शिवल्या. हात तेच, सुई तीच, कापडही तेच. दिवसभर शिवून दमलेली बाई घरी येऊन पुन्हा शिवायला बसते, तेव्हा केवळ शिवण्याची आवड हे कारण मला पुरेसं वाटत नाही. कामावर जे मिळत नव्हतं, ते ठरवणं, ती घरी मिळवत होती. यातल्याच गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली. संग्रहालयाच्या शिक्क्याला मी फार महत्त्व देत नाही. शिवताना तो कोणाच्या मनातही नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. मोठे निर्णय काढून घ्यायचे आणि ठिगळाचा रंग तेवढा बाईच्या स्वाधीन ठेवायचा, ही फसवणूकच झाली की! अशा सुखाचे गोडवे गाणं म्हणजे अन्यायावर मुलामा चढवणं. आक्षेपातला राग रास्त आहे. हे सुख तिच्या फुकट श्रमांची भरपाई नव्हे, आणि कोणी तसं म्हणत असेल तर त्याच्या हातात सुई द्यावी. पण लहान निर्णयांत रमलेली बाई मोठ्यांबद्दल गप्प बसते, हे गृहीत धरायला आधार नाही. 1960 च्या दशकात गीज बेंडचे कृष्णवर्णीय लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडच्या कॅम्डेनला जाऊ लागले, तेव्हा 1962 मध्ये तिथली नावच बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला 2006 साल उजाडलं. मधल्या काळात गोधड्या शिवणारी हीच माणसं लांबच्या रस्त्याने गेली, मोर्च्यांत चालली. गोधड्यांची ती संस्थासुद्धा नागरी हक्कांच्या चळवळीतूनच निघाली. हे कोणाला चकचकीत अपवाद वाटेल. असेलही, पण ठिगळाने माणूस गुंगतो या समजुतीला तेवढा पुरतो.

आता मराठी शहरांत गोधडीला पुन्हा बरे दिवस आले आहेत. नवं कापड विकत आणून ते कापून जोडणाऱ्या हौशी मंडळींना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही, कारण ठरवणं तिथेही आहे. मात्र दुकानात हवा तो रंग मिळतो, तेव्हा अडचणीतून वाट काढायची मजा कमी होते, एवढं म्हणावंसं वाटतं. घरच्या बोचक्यात तिची कमतरता नसते: चार सुती साड्या, एक विटकी चादर आणि भरीला नायलॉनच्या सुळसुळीत साड्या, ज्या सुईखाली सरकतात आणि घाम टिपत नाहीत. तरी त्यांचा रंग उतरत नाही, म्हणून त्या वर घ्यायच्या की नाहीत, यावर डोकं लढवावंच लागतं. माझी तक्रार वेगळ्याच ठिकाणी आहे. मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांना आता साड्यांच्या पिशवीबरोबर मोबाइलवरचा फोटोही दाखवला जातो: अगदी अश्शीच हवी, मधे चौकोन, कडेला निळी पट्टी. मजुरीत घासाघीस होते ती वेगळीच. म्हणजे श्रम तिचे, आणि ठरवणारे आपण. आईच्या साड्यांची गोधडी शिवून घेणार असाल तर माप सांगा, कोणती साडी कापायची नाही ते सांगा, मजुरी तिने सांगितली तेवढी द्या. आणि ठिगळ कुठे लावायचं ते तिचं तिला ठरवू द्या.