कव्हर दाखवायचे तर त्यावर बोलावे लागेल

संत जनाबाईंचे गाव परभणी जिल्ह्यातले गंगाखेड. त्यांचे अभंग कोणीही गावेत, छापावेत, वर्गात शिकवावेत. त्यावर कोणाची मालकी नाही. पण तोच अभंग कोणी चाल लावून गायला आणि त्याची तबकडी निघाली, की हक्कांचे थर चढू लागतात. चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण कंपनीचे, आणि कव्हरवरचे चित्र तिसऱ्याच कोणाचे. या प्रत्येकाची मुदतही निराळी. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो, तर चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. म्हणजे 1960 साली निघालेल्या तबकडीचे ध्वनिमुद्रण 2021 उजाडताच मोकळे झाले. पण तिचे कव्हर रंगवणारा चित्रकार 1990 साली वारला असेल, तर ते चित्र 2050 अखेरपर्यंत बांधलेले राहील. पुस्तकांचीही तीच कथा. परभणीत हयात घालवलेले लेखक बी. रघुनाथ 1953 साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 2014 पासून सर्वांचे झाले. चित्रकार दीनानाथ दलाल 1971 साली गेले, त्यांची मुखपृष्ठे 2031 अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. शब्द सुटतात, सूर सुटतात, पुठ्ठा अडून राहतो.

हा पुठ्ठा एवढा महत्त्वाचा का, असे कोणी विचारील. सुरुवातीच्या तबकड्या मधोमध भोक पाडलेल्या साध्या कागदी पाकिटात मिळत. 1940 च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी संचांच्या वेष्टनावर चित्रे आणली आणि पुढे लाँग प्ले तबकडीबरोबर बारा इंची चौकोन जगभर गेला. मराठी भक्तिसंगीताच्या अभ्यासकाला हा चौकोन म्हणजे पुरावा आहे. अभंगाच्या तबकडीवर चेहरा संताचा मोठा की गायकाचा? संगीतकाराचे नाव समोर की मागच्या बाजूला बारीक टायपात? जात्याशी बसलेली जनी आणि तिला हातभार लावणारा विठ्ठल हे दृश्य घ्यायचे की नुसती टाळ-वीणा? या निवडींमधून त्या काळाने संतांकडे कसे पाहिले ते कळते, आणि ते गाणे ऐकून कळत नाही. चित्र न दाखवता त्याची चर्चा करणारा लेख वाचकाला लेखकाच्या शब्दावर विसंबायला लावतो.

मग लेखात कव्हर छापता येईल का? मराठी संपादकांचे यावर दोन तट दिसतात. एक भिऊन चित्र गाळतो. दुसरा बिनधास्त छापतो आणि खाली ‘इंटरनेटवरून साभार’ लिहून मोकळा होतो. या दुसऱ्या तटाचा युक्तिवाद ठरलेला असतो : लेख शैक्षणिक आहे, म्हणून चालते. माझे म्हणणे असे की हा युक्तिवाद कायद्यातही लंगडा आहे आणि विचारातही. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 रास्त वापराला मुभा देते, पण मोजक्या हेतूंसाठी : खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन. त्या यादीत ‘शिक्षण’ हा शब्द नाही. शिक्षणासाठी वेगळे पोटकलम आहे, पण ते शिक्षक आणि विद्यार्थी यांनी अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींपुरते. गंगाखेडच्या महाविद्यालयात एखाद्या प्राध्यापकाने वर्गात कव्हर पडद्यावर दाखवले तर त्याला ते संरक्षण मिळेल. त्याच प्राध्यापकाने तेच कव्हर विकल्या जाणाऱ्या दिवाळी अंकात छापले, तर त्याला समीक्षेच्या दारानेच आत यावे लागेल. आणि समीक्षेच्या दारावर पहिला प्रश्न विचारला जातो : या चित्राबद्दल तुम्ही काय म्हटले आहे?

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसचा खटला इथे हमखास पुढे केला जातो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 2012 साली तो भरला. 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमाच्या झेरॉक्स संचांना अध्यापनाचा भाग मानले, आणि 2017 साली प्रकाशकांनी दावा सोडून दिला. निकाल मोलाचाच आहे. पण तो वर्गाचा निकाल आहे, नियतकालिकाचा नाही. त्याच्या जोरावर लेख सजवता येत नाही. आपल्या उपयोगाचा आहे तो केरळ उच्च न्यायालयाचा 1996 चा सिविक चंद्रन निकाल. एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या त्या वादात न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या : टीकेच्या मानाने किती घेतले, कशासाठी घेतले, आणि घेतलेल्याने मूळ कृतीशी स्पर्धा होईल का. अमेरिकेचा कायदा निराळा, तरी तिथला 2006 चा एक निकाल कव्हरच्या अगदी जवळ येतो. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या सचित्र इतिहासात डॉर्लिंग किंडर्सली या प्रकाशकाने कार्यक्रमांची पोस्टर्स आणि तत्सम अशी सात चित्रे लहान आकारात, मजकुराच्या सोबतीने छापली होती. परवानगीची बोलणी फिसकटली होती, तरी छापली. न्यायालयाने वापर रास्त ठरवला, कारण पोस्टर तिथे कार्यक्रमाला माणसे ओढण्यासाठी नव्हते. त्या काळाची खूण म्हणून होते.

हे सगळे सरळ असले तरी आक्षेप उरतात. पहिला भीतीचा. अँडी बायो या अमेरिकन तंत्रज्ञाने 2009 साली माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ला मानवंदना देणारा अल्बम काढला. गाण्यांचे परवाने रीतसर घेतले, मूळ कव्हरचे छायाचित्र मात्र चौकटी-चौकटींच्या चित्रात रूपांतरित करून वापरले. छायाचित्रकार जे मायझेल यांच्याशी तडजोडीत त्याला 32,500 डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे परभणीपर्यंत कोण येतो, असे म्हणणाऱ्यांनी कलम 62 वाचावे : हक्कधारक स्वतः राहतो किंवा धंदा करतो तिथल्या न्यायालयात दावा लावू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली या सवलतीला काही मर्यादा घातल्या, पण ती गेलेली नाही. तरीही बायोचे उदाहरण समीक्षकाला लागू पडत नाही. त्याने कव्हरचे कव्हरच केले होते. समीक्षक कव्हरबद्दल लिहितो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार : सरळ परवानगी का घेऊ नये? मिळत असेल तर जरूर घ्यावी. पण कोणाकडून? पैसे देऊन चित्र काढून घेतले असेल तर वेगळा करार नसल्यास हक्क बहुधा कंपनीचा. कंपन्या विकल्या गेल्या, नावे बदलली, आणि कव्हरवर चित्रकाराचे नाव अनेकदा छापलेलेच नसते. मालक सापडत नसेल तर कलम 31-क खाली परवाना मागता येतो. पूर्वी त्यासाठी मंडळ होते. 2021 साली ते मोडले आणि काम व्यावसायिक न्यायालयांकडे गेले. एका चौकोनी चित्रासाठी न्यायालयाची पायरी चढा, असे कोणत्या लेखकाला सांगणार? यात गंमत अशी की निनावी प्रसिद्ध झालेल्या चित्राचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षांतच संपतो, चित्रकार कोण हे मधल्या काळात उघड झाले नाही तर. चित्रकाराचे नाव गाळून कंपन्यांनी आपल्याच हक्काची मुदत तोकडी करून ठेवली.

उरतो चित्रकार. रास्त वापर म्हणजे त्याच्या पोटावर पाय, हा आक्षेप मला मोठ्या आकाराच्या, सुबक छपाईच्या बाबतीत मान्य आहे. पानभर, भिंतीवर लावण्याजोगे पुनर्मुद्रण हे विक्रीचे चित्र झाले. त्याचे मानधन द्यायलाच हवे. दोन-अडीच इंचांच्या, मजकुरात बसवलेल्या प्रतीने कोणाची विक्री बुडत नाही. खरा अन्याय वेगळाच होतो, तो नाव न देण्याचा. कलम 57 नुसार हक्क विकल्यावरही कृती आपली म्हणण्याचा अधिकार कलावंताकडे राहतो. ‘इंटरनेटवरून साभार’ या ओळीत आभार कोणाचेच नसतात.

तेव्हा दिवाळी अंकांच्या संपादकांना विनंती एवढीच. कव्हर छापण्याआधी त्यावर लेखात निदान एक परिच्छेद आहे का ते पाहा. नसेल तर चित्र काढा, लेख शैक्षणिक असला तरी. असेल तर बेलाशक छापा, लहान छापा, आणि खाली चित्रकाराचे नाव, कंपनी व वर्ष द्या. नाव सापडले नाही, तर तसे छापा. वाचकांपैकी कोणाला तरी ते ठाऊक असते.