फायनल-फायनल-१४

माझ्या लॅपटॉपवर ‘लेख’ नावाचं एक फोल्डर आहे. आत एकच लेख आहे, पण त्याच्या चौदा प्रती आहेत. ‘पप्पा’, ‘पप्पा नवीन’, ‘पप्पा फायनल’, आणि मग ‘फायनल-फायनल’च्या पुढे चढत जाणारे आकडे. ऑफिसात कोडची एक ओळ बदलली तरी गिटमध्ये नीट नोंद करणारा माणूस स्वतःच्या लेखाशी असा का वागतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

लेख माझ्या वडिलांवर होता. पप्पा एसटीत कंडक्टर होते, २०१९ साली निवृत्त झाले. २०२०च्या लॉकडाउनमध्ये मी दोन रात्रींत पहिला खर्डा लिहिला. पुढचं दीड वर्ष तो ‘नीट’ करत बसलो. कधी सुरुवात बदलली, कधी शेवट. तिसरा परिच्छेद तर काही केल्या बसेना. तो बसला की लेख ऑनलाइन टाकायचा, असं ठरवलं होतं.

मग नोव्हेंबर २०२१ उजाडला. एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला. महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मुख्य मागणी होती. हा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज त्यावर गप्पा व्हायच्या. एक दिवस एकाने लिहिलं, ‘तिकिटं फाडायला असा किती पगार हवाय यांना?’ त्याखाली हसण्याच्या इमोजींची रांग लागली.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. चांगलं अठराशे शब्दांचं. खचाखच भरलेल्या गाडीत तोल सांभाळत तिकीट देणं, सुट्ट्या पैशांवरून रोजची हुज्जत, वेबिलावर पै-पैचा जुळवायचा हिशोब, घाटात उलटी होणाऱ्या पोराला खिडकीजवळची जागा मिळवून देणं, सगळं त्यात होतं. एक लिंक टाकायचा अवकाश होता. मी नाही टाकली. तिसरा परिच्छेद अजून अडखळत होता ना.

हे कारण खरं होतं. पण खरं कारण तेच होतं का?

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीत आम्हाला एक उत्तर पाठ करून घेतलं होतं. ‘तुमचा अवगुण सांगा’ असं विचारलं की म्हणायचं, ‘सर, मी परफेक्शनिस्ट आहे.’ जगात हा एकच अवगुण असा आहे की तो आपण मिरवतो. म्हणूनच त्याच्या आड दुसरं काहीही लपवता येतं. मी काय लपवत होतो, ते आता सांगतो. माझ्या टीममध्ये कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे आर्किटेक्ट. माझ्या वडिलांबद्दल कुणी विचारलं की मी म्हणायचो, ‘सरकारी नोकरीत होते.’ लेख बाहेर गेला असता तर हे वाक्य उघडं पडलं असतं. मला वाटत होतं, लेख इतका सुंदर व्हावा की वाचणाऱ्याचं लक्ष भाषेवर जावं, कंडक्टरवर जाऊ नये. इतका सुंदर लेख कुणालाच लिहिता येत नाही. म्हणून तो कधी पूर्ण होणारही नव्हता.

तेव्हापासून मला वाटतं की परफेक्शनिझम आणि दर्जाचा आग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडचण अशी की बाहेरून त्या हुबेहूब सारख्या दिसतात. दोघेही रात्री दोनपर्यंत जागून एक वाक्य सात वेळा बदलतात. फरक इतकाच की एकाला कामाची काळजी असते आणि दुसऱ्याला स्वतःची. मग आपण यांतले कोण, हे ओळखायचं कसं? माझ्या मते एक खूण आहे. कुणी आपल्या कामातली चूक दाखवली की पहिल्या क्षणी काय वाटतं? बरं वाटतं, की मेल्याहून मेल्यासारखं होतं?

इथे मला डोनाल्ड कनूथ आठवतात. संगणकशास्त्रातला हा माणूस म्हणजे काटेकोरपणाची हद्द. १९७०च्या दशकात त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती, पण छपाईची नमुनापानं त्यांना इतकी कुरूप वाटली की पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची एक प्रणालीच लिहायला घेतली. तिचं नाव ‘टेक’. गणिताचे शोधनिबंध आजही तिच्यावर सजवले जातात. ठरवलं त्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं त्यात गेली. आता याला परफेक्शनिस्ट म्हणायचं नाही तर कुणाला?

पण याच माणसाने जाहीर केलं होतं की माझ्या पुस्तकातली चूक जो पहिल्यांदा दाखवेल त्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक मिळेल. आणि ते खरोखर चेक पाठवत राहिले. अनेकांनी ते वटवण्याऐवजी फ्रेम करून भिंतीवर लावले. ‘टेक’च्या आवृत्त्यांचे आकडेही बघा. ३ नंतर ३.१, मग ३.१४, मग ३.१४१. प्रत्येक दुरुस्तीबरोबर ‘पाय’चा एक अंक वाढतो. पायच्या जवळ जात राहायचं, पोचायचं कधीच नाही. त्यांची इच्छा अशी की आपल्या मृत्यूनंतर आवृत्तीचा आकडा थेट पाय करावा आणि तोवर राहिलेल्या चुकांना वैशिष्ट्यं समजावं. म्हणजे काटेकोर असणं आणि आपलं काम चुकांसकट लोकांसमोर ठेवणं यांत भांडण नाहीच. कनूथ चूक दाखवणाऱ्याला पैसे देत होते. मी चूक दाखवणारा भेटूच नये म्हणून दीड वर्ष लपून बसलो होतो.

मग सुचलं की टाकून द्यायचं का? तसंही नाही. रोज फोनवर आदळणारा निम्मा कचरा ‘मनात आलं, टाकलं’ याच न्यायाने येतो. आमच्या कामात बग सापडला की आधी त्याची तीव्रता ठरवतात. बटणाचा रंग चुकला असेल तर रिलीज थांबत नाही. ग्राहकाच्या खात्यातून दोनदा पैसे कापले जात असतील तर थांबतोच, मग बॉस काहीही म्हणो. लिहिताना, चित्र काढताना, गाणं रेकॉर्ड करताना हाच प्रश्न स्वतःला विचारता येतो: ही चूक राहिली तर कुणाला लागेल? कुणाची बदनामी होणार असेल, कुणाचं गुपित फुटणार असेल, खोटी माहिती पसरणार असेल, तर थांबलंच पाहिजे. पण लागणार असेल ती फक्त माझ्या प्रतिमेला, तर त्यासाठी थांबण्याला नीती म्हणता येत नाही. तो अहंकार आहे, फक्त नम्रतेचे कपडे घातलेला.

संप मिटल्यावर मे महिन्यात गावी गेलो. पप्पांनी विचारलं, ‘काय ते लिहीत असतोस म्हणे, आई सांगत होती.’ टाळता आलं नाही. फोन हातात दिला. चष्मा लावून, ओट्यावर बसून, त्यांनी अठराशे शब्द सावकाश वाचले. मी उगाच नळाखाली हातपाय धूत राहिलो.

‘बरं लिहिलंयस,’ ते म्हणाले. ‘पण हे मुक्कामाच्या गाडीचं काय लिहिलंस?’

हा तोच तिसरा परिच्छेद. त्यात मी पप्पांना आडगावी, अंधारात, बसच्या मागच्या सीटवर एकट्याने झोपवलं होतं. आमच्यासाठी त्यांनी केलेला त्याग वगैरे.

‘अरे, मुक्कामाची ड्युटी मी मागून घ्यायचो.’

‘का?’

‘त्या गावात भजनी मंडळ होतं. रात्री हिशोब झाला की देवळात जायचो. पखवाज वाजवायचो मी.’

माझे वडील पखवाज वाजवायचे हे मला तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तेही स्वतःच त्यांच्यावर लिहिलेल्या लेखामुळे कळलं. तो परिच्छेद भाषेमुळे अडखळत नव्हता. तो खोटा होता. चौदा प्रती काढूनही मला ते सापडलं नसतं, कारण मी दर वेळी माझ्याच डोळ्यांनी तपासत होतो. दुसऱ्या माणसाने तीच चूक दहा मिनिटांत काढली.

मी विचारलं, ‘शिकला होतात का?’

‘कुठलं. बघून बघून.’

‘मग चुकायचं नाही?’

‘चुकायचं की. बाकीचे सांभाळून घ्यायचे. आणि सकाळी गाडी निघून जायची. कुणाच्या लक्षात राहतंय?’

हे मात्र आपल्या वाट्याला नाही. देवळातली चूक रात्रीबरोबर विरून जायची, आपली स्क्रीनशॉट होऊन राहते. त्यामुळे आपली भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण पप्पांच्या उत्तरात आणखी एक गोष्ट होती, ‘बाकीचे सांभाळून घ्यायचे.’ हात चुकला तरी भजन थांबत नव्हतं, कारण ते एकट्या पखवाजाचं नव्हतं. जो मंडळात बसलाच नाही, त्याला कोण सांभाळून घेणार?

परिच्छेद नव्याने लिहिला, एका संध्याकाळीत झाला. लेख ऑनलाइन टाकला आणि लिंक सोसायटीच्या ग्रुपवर आणि ऑफिसच्याही ग्रुपवर पाठवली. उशीर झालाच होता. ग्रुपवर तोवर पाण्याच्या टँकरवरून वाद सुरू होता. इमोजी टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचला, माहीत नाही. ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी मी गप्प होतो, हे कुठल्याही आवृत्तीत दुरुस्त होत नाही.

दोन दिवसांनी पप्पांचा फोन आला.

‘वाचलं रे. पण गाडी साडेपाचला सुटायची असं लिहिलंयस. पावणेसहाला सुटायची. साडेपाचला चहा असायचा.’

मी लॅपटॉप उघडला आणि वेळ बदलली.