पंगत, वेळ आणि बक्षिशी

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाच्या दिशेने निघाले की काही वेळाने मुळशीचा जलाशय दिसू लागतो. पावसाळा सरताना तो काठोकाठ भरलेला असतो आणि डोंगरांची हिरवी छाया त्याच्या पाण्यात उतरलेली असते. अशाच दिवसांत आमच्या धर्मग्रामातील पाच कुटुंबे तीन दिवसांच्या सुट्टीसाठी जलाशयाकाठच्या एका विश्रामस्थळी जाऊन राहिलो. विश्रांती हा एक हेतू होताच. पण आणखी एक काम तेथे उरकायचे होते. आमच्यातील एका दांपत्याच्या विवाहाला पंचवीस वर्षे पूर्ण होणार असल्याने सर्वांनी मिळून सिंगापूरहून निघणाऱ्या एका क्रूझने आठवडाभराची सागरी सहल करावी, असे ठरले होते. त्या सहलीचा अर्ज आम्हांला भरायचा होता.

अर्जातील दोन प्रश्नांपाशी आमचे गाडे अडले. पहिला प्रश्न असा : रात्रीचे भोजन ठरावीक वेळी, ठरावीक टेबलावर घेणार, की रोज मनाला येईल त्या वेळी? दुसरा : सेवकांची बक्षिशी आताच भरणार, की जहाजावरील खात्यात रोज लावून घेणार? प्रश्न वरवर क्षुल्लक होते. परंतु त्यांवर आमचा दीड दिवस वाद झाला आणि त्या वादाने आम्हांला स्वतःविषयी जे दाखवून दिले ते क्षुल्लक नव्हते.

ज्यांना या सहलींचा अनुभव नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे इष्ट होईल. मोठ्या प्रवासी जहाजांवर पूर्वापार रात्रीच्या भोजनाच्या दोन पंगती असत. पहिली संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुसरी साडेआठच्या सुमारास. प्रवाशाला एक टेबल नेमून दिले जाई. शेजारी रोज तीच माणसे आणि वाढायला रोज तोच वेटर. सफरीच्या शेवटच्या रात्री प्रवासी पाकिटात पैसे घालून ते त्याच्या हाती देत. सन २००० च्या सुमारास काही कंपन्यांनी हे बंधन सैल केले. हवे तेव्हा यावे, हवे तेथे बसावे, अशी सोय झाली. साहजिकच रोजचा वेटर बदलू लागला आणि पाकीट कोणाला द्यायचे हा प्रश्न निर्माण झाला. त्यामुळे बक्षिशी दरदिवसाच्या ठरावीक आकाराने प्रवाशाच्या खात्यातच लावण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. अलीकडे मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा हा आकार दरमाणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर असतो. चौघांच्या कुटुंबाने सात रात्री प्रवास केला आणि दर १८ डॉलर धरला, तर हिशेब ५०४ डॉलरवर जातो. मध्यमवर्गीय गृहस्थाच्या कपाळाला आठी पडावी, अशीच ही रक्कम आहे. पुष्कळ जहाजांवर स्वागतकक्षात जाऊन ती कमी करून घेता येते किंवा काढूनही टाकता येते, ही माहिती आमच्यातील एका हिशेबी सद्गृहस्थांनी मोठ्या उत्साहाने पुरवली.

मते विभागली गेली. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, सुट्टीवर जायचे आणि तेथेही घंटा वाजली की ताटावर बसायचे, तर मग सुट्टी ती कसली? वडीलधाऱ्यांना एकत्र जेवण हवे होते. आपल्या धर्मग्रामाच्या सणाची पंगत त्यांच्या डोळ्यांसमोर होती : सर्वांची ताटे वाढून होईपर्यंत कोणी घासाला हात लावत नाही, कोणीतरी ज्येष्ठ व्यक्ती भोजनापूर्वीची प्रार्थना म्हणते आणि मगच जेवणाला आरंभ होतो. जो तो आपापल्या वेळी आला तर ही प्रार्थना कोणी, कोणाबरोबर म्हणायची, असा त्यांचा सवाल होता. दोन्ही पक्षांत तथ्य होते. पण दोन्ही पक्ष एकाच गोष्टीचा विचार करीत होते, ती म्हणजे आपली सोय आणि आपला आनंद. वाढणारा माणूस या वादात कोठेच नव्हता.

तो आमच्यासमोर आला, तो आमच्याच चुकीमुळे. शुक्रवारी रात्री आम्ही गप्पांत रंगलो होतो. त्या विश्रामस्थळी जेवण साडेआठ ते दहापर्यंत मांडलेले असे. पावणेदहाला आम्ही निरोप धाडला की, जेवण अकरापर्यंत राहू द्या, आम्ही जमेल तसे येतो. 'हो' म्हणण्यापलीकडे त्या मुलांच्या हाती दुसरे काय होते? आम्ही दोघे-दोघे, तिघे-तिघे करून गेलो. शेवटचे ताट साडेअकराला उचलले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देणाऱ्या मुलाचे डोळे तारवटलेले दिसले, म्हणून आमच्यातील एका भगिनीने सहज चौकशी केली. पाहुण्यांचे आटोपल्याशिवाय कामगारांचे जेवण होत नाही, आवराआवर होईपर्यंत एक वाजला आणि दहानंतर गावाकडे जाणारी जीप निघून गेल्यामुळे तो तेथेच गोदामात झोपला, असे तिला कळले. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तो एवढेच म्हणाला, "काकू, तुम्ही एक वेळ सांगितली ना, की आम्हांला आमची वेळ कळते."

या एका वाक्याने आमच्या वादाला निराळेच वळण लागले. आपण ज्याला स्वातंत्र्य म्हणत होतो, त्याची किंमत कोणीतरी चुकवत होते आणि ते आपल्याला ठाऊकही नव्हते. वेळेचे बंधन आपण झुगारले, तेव्हा ते नाहीसे झाले नव्हते; ते दुसऱ्याच्या गळ्यात जाऊन पडले होते.

बोलता बोलता त्या मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली : त्याच्या पणजोबांचे घर या समोरच्या पाण्याखाली आहे. मुळशीचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना हे नवल वाटणार नाही. मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटांच्या कंपनीने येथे धरण बांधण्यास घेतले. सह्याद्री उतरून खाली भिऱ्याला नेलेल्या या पाण्यावर तेथे वीज तयार होते. आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेली येथली भातखाचरे आणि गावे बुडणार होती, म्हणून मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तो १९२४ पर्यंत चालला. धरण व्हायचे ते झालेच. त्या विजेने मुंबईत दिवे लागले, गिरण्या चालल्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरची चूलही त्या गिरण्यांवरच पेटली. तेव्हा कोणाला दोषी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु एकाची सोय ही अनेकदा दुसऱ्याची गैरसोय असते, हा धडा त्या काठावर बसून नाकारणे आम्हांला अवघड झाले.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. करिंथ येथील मंडळी प्रभुभोजनासाठी एकत्र जमत, तेव्हा काहीजण आधीच येऊन पोटभर जेवत आणि मागाहून येणारे गरीब उपाशी राहत. संत पौलाने त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली आणि जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा, असा उपदेश केला. ज्याच्या त्याच्या सवडीने चाललेल्या जेवणाने त्या मंडळीचे ऐक्यच भंगले होते, हे त्याने ओळखले होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात तर वाढपाचे काम सर्वांनी आठवड्याच्या पाळीने करावे असे सांगितले आहे. त्याहून हृद्य गोष्ट अशी की, ज्यांची वाढण्याची पाळी असेल त्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकरी आणि पेय द्यावे, म्हणजे ते न कुरकुरता आपल्या बांधवांची सेवा करतील, अशी तरतूद त्याने केली. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या संताला वाढप्याच्या पोटातील भूक दिसली. आम्हांला शुक्रवारी रात्री ती दिसली नव्हती.

तथापि यावरून ठरावीक वेळ म्हणजे सद्गुण आणि सवडीचे जेवण म्हणजे पाप, असा निष्कर्ष काढणे हा उतावळेपणा होईल. मधुमेहाच्या रुग्णाला साडेआठपर्यंत थांबवता येत नाही; तान्ह्या बाळाची आई घंटेच्या तालावर जेवू शकत नाही. नियम माणसासाठी असतो, माणूस नियमासाठी नसतो, हे प्रभूने शब्बाथाच्या वादात कायमचे स्पष्ट केले आहे. शिवाय जहाजावर दोन पंगती असल्या म्हणजे कामगारांचे कष्ट आपोआप हलके होतात, असेही नाही. दोन्ही पंगतींना वाढणारे हात तेच असतात. म्हणून प्रश्न वेळेचा नसून वृत्तीचा आहे. निवड करताना मी फक्त माझ्या सोयीचा विचार करतो, की माझ्या निवडीचे ओझे कोणावर पडेल, याचाही?

आता बक्षिशीविषयी. बक्षिशी देताना आपल्या मनात एक गोड भावना जागी होते. आपण उदार आहोत, कोणीतरी आपल्यापुढे लवून आभार मानतो आहे, हे सुखावणारे असते. आमच्या मते नेमका येथेच धोका आहे. ज्या पैशांवर एखाद्याचे घर चालते तो पैसा वेतनाचा असतो, मग त्याला नाव काहीही द्या. आणि वेतन हा दानधर्म नव्हे, तो न्याय आहे. कामकऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी आक्रोश करते, असा इशारा संत याकोबाने धनवानांना दिला. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात सांगितले की, मालक व मजूर यांच्यात करार झाला एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह होईल एवढी ती असली पाहिजे. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव धारण करताना याच परिपत्रकाची आठवण दिली.

जहाजावरचे कामगार आपल्याला परके नाहीत. गोव्यातील तारवटींच्या कित्येक पिढ्या बोटींवर वाढपी, खानसामे आणि वादक म्हणून राबल्या. मुंबईत धोबीतलावच्या परिसरातील कुडांमध्ये राहून त्यांनी पुढच्या बोटीची वाट पाहिली. वसईच्या घराघरांतून आज मुले क्रूझवर जातात. त्यांच्यासाठी २००६ चा सागरी श्रमिक करार २०१३ पासून अमलात आला आणि भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळावी, असे तो करार सांगतो. म्हणजे उरलेले चौदा तास कामाचे असू शकतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. अशा कष्टाचे मोल मालकाने पगारातूनच पूर्ण द्यावे, हेच योग्य. पण अनेक जहाजांवर पगाराचा मोठा भाग बक्षिशीतूनच येतो. अशा स्थितीत ती रद्द करून घेणारा प्रवासी कंपनीला धडा शिकवत नाही; तो केबिन झाडणाऱ्याच्या घरी जाणारी मनिऑर्डर लहान करतो.

येथे आमच्या हिशेबी सद्गृहस्थांनी एक रास्त मुद्दा काढला. आपल्या देशात उपाहारगृहांनी बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. मग जहाजावरची सक्ती का सोसावी? आमचे उत्तर असे : ग्राहकाला किंमत आधी कळावी आणि देणे ऐच्छिक असावे, हे तत्त्व योग्यच आहे. पण कायद्याने मला न देण्याची मुभा दिली, म्हणून माझ्या विवेकबुद्धीने मला ती दिली असे होत नाही. शिवाय एक गोष्ट विसरता कामा नये. हातात दिलेली बक्षिशी हसऱ्या वेटरला मिळते. तळमजल्यावर भांडी घासणारा मात्र कोणाला दिसत नाही. सर्वांकडून घेऊन वाटण्याच्या पद्धतीत, ती प्रामाणिकपणे राबवली गेली तर, त्या अदृश्य हातांनाही वाटा मिळतो. द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिनार दिला, कारण त्याच्या घरीही तेवढीच तोंडे खाणारी होती, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

म्हणून आम्ही दोन गोष्टींची फारकत केली. खात्यातून जाणारी रक्कम ही मजुरी आहे. ती तिकिटाच्या किमतीतच धरायची, न परवडल्यास सहल एका रात्रीने कमी करायची, पण तिला हात लावायचा नाही. आणि कृतज्ञता ही वेगळी गोष्ट आहे. ती नावाने हाक मारण्यात आहे, ताट उचलणाऱ्याकडे पाहण्यात आहे, आणि जमल्यास एखाद्या पाकिटातही आहे. पैसे दिले म्हणून आभार मानण्याचे ऋण फिटत नाही, आणि गोड बोललो म्हणून पैशांचे ऋण फिटत नाही.

अर्जावर आम्ही ठरावीक वेळेच्या पंगतीवर खूण केली, आणि पहिली पंगत निवडली, कारण आमच्यात दोघे मधुमेही आहेत. रोज तोच वेटर असेल, तर सात दिवसांत त्याचे नाव आणि गाव तरी कळेल, असाही विचार केला.

शनिवारी संध्याकाळी आम्ही विश्रामस्थळाच्या स्वयंपाकघरात निरोप पाठवला : सर्वजण आठ वाजता जेवू. आठला पाच मिनिटे कमी असताना सर्व कुटुंबे टेबलांपाशी हजर होती. भोजनापूर्वीची प्रार्थना झाली आणि नऊला शेवटचे ताट उचलले गेले. पावणेदहाच्या सुमारास आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. तो मुलगा घरचे कपडे घालून आला, हात हलवून निरोप घेतला आणि फाटकाकडे धावला. थोड्याच वेळात जलाशयाच्या कडेकडेने जाणारा जीपचा दिवा आम्हांला दिसला.